मैनाचा पिवळा ठिपका

सायखेड्याला गोदावरीच्या काठी पुंजा माळ्याचा मळा होता. नदीवर डिझेल इंजिन बसवलेलं होतं आणि तिथून लोखंडी पाइप चढ चढत वर झेंडूच्या आणि मेथीच्या वाफ्यांपर्यंत गेलेला होता. इंजिन सुरू झालं की पुंजा त्या पाइपावर तळहात ठेवून गप उभा राहायचा. त्याची मुलगी मैना शेजारी उभी राहून तसाच हात ठेवायची. लोखंड गार असायचं, पण त्याच्या आत काहीतरी कोंडलेलं, बाहेर पडायला धडपडणारं तिच्या हाताला लागायचं.

"काय म्हणतंय?" पुंजा विचारायचा.

"लय जोर हाय, आबा."

"जोर असू दे. पण हात ठेवायचा तो भीत भीत ठेवायचा. पाइपाचा जोड एक दिवस उकलतो. उकलायच्या आधी सांगत नाय."

एकदा तसा जोड उकललाही. पुंजाच्या गड्याचा अंगठा त्यात गेला. मैना तेव्हा फुलं तोडत होती. आवाज तिला आधी ऐकू आला आणि किंकाळी मागून. त्या दोन्हींच्या मध्ये जी शांतता होती, ती तिच्या कानात कायमची राहिली.

पुढे मैना लग्न करून नाशकात आली. नवरा बहिरू फुलबाजारात हार-फुलांचा धंदा करायचा आणि इंदिरानगरात दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. तिथे शेजारी कलाबाई राहायची. ती अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ओढेकर साहेबांच्या वर्कशॉपमध्ये कामाला होती. मैना ओसरीवर बसून शेवंतीचा हार गुंफत असली की कलाबाई तिच्या बोटांकडे बघत राहायची. एक दिवस म्हणाली, "ही बोटं सुईदोऱ्यात कशाला नासवतेस? आमच्याकडं केसासारखी स्प्रिंग बसवावी लागते. बाप्यांच्या हातानं ती मोडते."

अशी मैना त्या पत्र्याच्या शेडमध्ये आली. तेव्हा नव्वद सालचा उन्हाळा होता.

तिथे प्रेशर गेज बनत आणि दुरुस्त होत. गेज म्हणजे दाब दाखवणारं घड्याळ. त्याच्या पोटात पितळेची एक चपटी नळी असते, विळ्यासारखी वाकलेली, एका टोकाला बंद. दाब आत शिरला की ती नळी किंचित सरळ व्हायला बघते. तेवढ्या हालचालीनं एक बारीक दांडी ओढली जाते, दात फिरतात आणि तबकडीवर काटा सरकतो. पंप किती जोर काढतो, बॉयलरमध्ये वाफ किती साठली, हे माणसाला त्या काट्यावरूनच कळतं. लोखंडाच्या आत डोकावून बघायची दुसरी सोय देवानं ठेवलेली नाही. बापाचा तळहात जे काम अंदाजानं करत होता, ते इथे काटा आकड्यात करत होता. मैनाला ते फार आवडलं.

वर्कशॉपमध्ये एक मास्टर गेज होतं. लाकडी पेटीत, हिरव्या बनातीत ठेवलेलं. ते कुठल्याही यंत्रावर लागत नसे. टेबलावरच्या हातपंपाला दोन तोंडं होती. एकावर मास्टर बसवायचं, दुसऱ्यावर नवं गेज. हातपंपानं तेलाचा दाब वाढवत न्यायचा आणि दोन्ही काटे एकाच आकड्यावर येतात का ते बघायचं. नव्याचा काटा चुकला तर तो उपसून बरोबर जागी बसवायचा. मास्टर कधी चुकत नसे. चुकत नाही म्हणूनच त्याला मास्टर म्हणत. वर्षातून एकदा ओढेकर साहेब त्याला शहरातल्या एका प्रयोगशाळेत नेत. तिथे तोललेली वजनं ठेवून दाब तयार करायचं यंत्र होतं, त्यावर मास्टरचीही परीक्षा व्हायची.

वाचायच्या आधी काचेवर बोटानं हलकी टिचकी मारायची, हे मैनाला पहिल्याच दिवशी शिकवलं गेलं. काटा कधी कधी दातांत अडून राहतो, टिचकीनं मोकळा होतो. आणखी एक गोष्ट शिकवली गेली. तबकडीच्या अगदी खालच्या भागात, शून्याच्या शेजारी, कुठलंच गेज नीट बोलत नाही. तिथलं मनावर घ्यायचं नाही. वरच्या आकड्यांवर जुळलं की पुरे.

तीन-चार वर्षांत मैना पास करेल ते गेज बाहेर, अशी रीत पडली. पास झालेल्या गेजाच्या कडेला ती पिवळ्या ऑइलपेंटचा एक ठिपका द्यायची. झेंडूचा पिवळा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लोक गेज घेताना आधी तो ठिपका शोधत. तिलाही त्याचा अभिमान होता आणि तो ती लपवत नसे. बहिरू चिडवायचा, "तुझा ठिपका नाशकात माझ्या फुलांपेक्षा जास्त खपतो." ती म्हणायची, "तुमची फुलं संध्याकाळी सुकतात."

शहाण्णव सालची खंडेनवमी आली. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये काम नसे. सगळी हत्यारं धुऊन-पुसून टेबलावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. पूजा झालेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. फुलं दरवर्षी मैनाच आणायची, माहेरच्या मळ्यातली.

त्या वर्षी तिनं मास्टर गेज पेटीतून बाहेर काढलं.

"त्याला कशाला?" कलाबाई म्हणाली. "पेटीची पूजा करतो की दरवर्षी."

"वर्षभर आपण त्याच्यावर जेवतो, अक्का. आणि सणाच्या दिवशी त्याला अंधारात कोंडायचं?"

तिनं ते पितळी ताटात मधोमध उभं केलं. गळ्यात घालावा तसा झेंडूचा जाड हार घातला. काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं. ते इतकं सुंदर दिसत होतं की ओढेकर साहेबही म्हणाले, "वा! आज खरा देव बसला."

नारळ दरवर्षी दाराबाहेरच्या दगडावर फुटायचा. त्या दिवशी सकाळपासून परतीचा पाऊस झोडपत होता. साहेबांनी तो टेबलाला बोल्टांनी घट्ट बसवलेल्या वाइसवर, वस्तू जबड्यात धरून ठेवायच्या लोखंडी पकडीवर, फोडायचं ठरवलं. पहिला घाव बसला, नारळ फुटला नाही. दुसरा त्यांनी जोर लावून घातला. नारळ फुटला, पाणी उडालं, टेबल हादरलं आणि ताट कलंडलं. मास्टर गेज वाइसच्या जबड्यावर एकदा आपटून फुलांच्या राशीत पडलं.

पावसाचा आवाज पत्र्यावर तेवढा येत होता.

मैनानं ते दोन्ही हातांनी उचललं. काच शाबूत होती. काटा शून्यावर होता. तिनं टिचकी मारली. काटा शून्यावरच.

"काय?" साहेबांनी विचारलं.

"शून्यावर हाय, साहेब. हारानं वाचवलं."

"मग झालं. देवानंच सांभाळलं."

"पूजेतलं हत्यार पडणं बरं नाय," कलाबाई पुटपुटली.

"सणासुदीला तोंडातून असं काढू नका, कलाबाई," साहेब म्हणाले. मग त्यांनी स्वतः सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. प्रयोगशाळेत न्यायला हवं, हे त्यांच्या मनात आलं नसेल असं नाही. पण वर्षाची तपासणी अजून लांब होती, दिवाळीची मागणी दारात उभी होती, आणि शून्यावर उभा असलेला काटा सगळ्यांना दिसत होता.

त्यानंतर काही बारीक गोष्टी घडल्या. मैनाला त्या दिसल्या आणि तिनं त्या बाजूला सारल्या.

हातपंप मारला की नव्या गेजाचा काटा लगेच हलायचा आणि मास्टरचा थोडा उशिरा जागा व्हायचा. पण ते शून्याच्या शेजारी घडत होतं, आणि तिथलं मनावर घ्यायचं नाही असं तिला शिकवलेलं होतं. ती टिचकी मारायची आणि पुढे जायची. दुसरी गोष्ट, नवीन आलेल्या मालातलं प्रत्येक गेज मास्टरच्या पुढे धावत होतं. सगळ्यांचे काटे उपसून मागे बसवावे लागत होते.

"या खेपेचा माल उंडारलेला दिसतोय," ती म्हणायची. "एकाला धीर नाय."

"सगळेच्या सगळे?" कलाबाईनं एकदा विचारलं.

"सगळेच्या सगळे."

कलाबाईनं मास्टरच्या पेटीकडे बघितलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली.

भाऊबीजेला मैनाचा धाकटा भाऊ जीवन आला. तो मालेगावला शकूर शेठच्या सायझिंगमध्ये बॉयलरवर होता. सायझिंग म्हणजे यंत्रमागावर जाण्याआधी सुताच्या ताण्याला कांजी पाजून तो वाफेच्या तापत्या सिलिंडरांवर वाळवायचा कारखाना. वाफ कमी पडली की सूत ओलं राहतं, म्हणून जीवन दिवसभर काट्यावर नजर ठेवून भट्टीत लाकूड सारायचा. जेवताना म्हणाला, "आमच्या बॉयलरचं घड्याळ आंधळं झालंय, ताई. काच पिवळी पडली, आकडे दिसत नाय."

मैनानं त्याला ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली. मग तिनं आतून एक नवंकोरं गेज आणून त्याच्या हातात दिलं. कडेला पिवळा ठिपका होता.

"आमची रीत उलटी," ती हसून म्हणाली. "यंदा बहिणीची ओवाळणी भावाला."

"दाजी, बघा, हिला साडी दिली आणि मला लोखंड मिळालं!"

"माझ्या ठिपक्याचं लोखंड हाय ते. शेठला सांग, दिवाळीत बॉयलर थंड हाय तोवर बसवून घे. आणि सेफ्टीची झडप पण याच्यावरच लावून घे. जुन्या आंधळ्याच्या भरवशावर ठेवू नको."

जीवननं तसंच केलं. बहिणीचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता. वाफ जास्त झाली की आपोआप उडून ती बाहेर सोडणारी झडप त्यानं फिटर बोलावून नव्या काट्याप्रमाणे लावून घेतली.

थंडी पडू लागली तसा सातपूरच्या एका पंपांच्या कारखान्यातला गोसावी नावाचा माणूस वर्कशॉपमध्ये आला. तिथे तयार झालेला प्रत्येक पंप टाकीवर बसवून तो किती दाबानं पाणी फेकतो ते तपासायचं त्याचं काम होतं. गोसावी दमलेला दिसत होता.

"बाई, दिवाळीत तुमच्याकडून गेज नेलं, तेव्हापासून आमचा एकही पंप पास होईना. पंखे बदलले, मोटारी बदलल्या. साहेब मला बदलायच्या गोष्टी करतात. गेज जरा बघा."

मैनानं ते मास्टरशेजारी लावलं. वरच्या प्रत्येक आकड्यावर दोन्ही काटे एकाच जागी आले.

"काका, गेज चोख हाय. पंपाला जोर नाय, तर आरशाला कशाला शिव्या देता?"

शेडमधली माणसं हसली. गोसावी गेज पिशवीत घालून गेला.

दोन-तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला. त्यानं पिशवीतून दोन गेजं काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एक दिवाळीचं, एक मागच्या वर्षीचं. दोन्हींवर पिवळा ठिपका होता.

"हे जुनं अडगळीत पडलं होतं. एकाच पाइपावर दोन्ही लावली. जुनं एक किलो दाब जास्त दाखवतं आणि जुन्यावर सगळे पंप पास होतात." त्याच्या आवाजात राग नव्हता. "दोन्हींवर तुमचाच ठिपका, बाई. आता तुम्हीच सांगा, मी कुठल्या मैनाचं ऐकू?"

या वेळी कोणी हसलं नाही.

साहेब त्याच सकाळी मास्टर आणि गोसावीचं जुनं गेज घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि मैनाला बरोबर नेलं. तिथल्या माणसानं यंत्रावर एकेक वजन अलगद ठेवलं. प्रत्येक वजनाला मास्टरचा काटा एक किलो मागे उभा राहिला. वजनं काढली, दाब संपला, काटा निमूट शून्यावर आला.

"शून्य तर बरोबर आहे," साहेब म्हणाले. स्वतःलाच म्हणाले.

त्या माणसानं काच उघडली. तबकडीवर शून्यापाशी एक बारीक खिळी असते, काट्यानं मागे जाऊ नये म्हणून. त्यानं चिमट्यानं काटा उचलून त्या खिळीच्या पलीकडे सोडला. काटा सरकन मागे गेला आणि शून्याच्या बराच खाली जाऊन थांबला.

इतके दिवस तो शून्यावर उभा नव्हताच, खिळीला टेकून बसला होता. वाइसवर आपटला तेव्हा काटा ज्यावर बसतो तो आस पुढे धावला होता आणि काटा त्याच्यावर तेवढाच मागे घसरला होता. नंतर त्याच्याशी जुळवलेलं प्रत्येक गेज त्याच्यासारखंच खोटं शून्य दाखवत बाहेर गेलं होतं.

साहेब खुर्चीवर बसले. त्यांना पंप आठवत होते. पंपांचं ठीक होतं. पंप नापास झाला तर माणूस मरत नाही.

मैना त्या काट्याकडे बघत होती. "भाऊबीज," ती म्हणाली.

"काय?"

"झडप पण मीच लावायला सांगितली, साहेब."

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून सायझिंगला फोन लावला. मुनीम म्हणाला, जीवन भट्टीवर आहे, मोठा बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, चालू आहे, निरोप देतो. मैना ओरडून सांगत होती की आग काढा, पण तिकडे यंत्रांचा आवाज एवढा होता की मुनीम "हां, हां" करत राहिला आणि लाइन तुटली. पुन्हा लागली नाही. साहेबांनी मागच्या वर्षीचं ते जुनं गेज वजनांच्या यंत्रावर तपासून घेतलं. ते खरं निघालं. मैनानं ते फडक्यात गुंडाळलं, पान्हा घेतला आणि मालेगावची एसटी धरली.

आग्रा रोडवर ट्रकांची रांग होती. पिंपळगाव गेलं, चांदवडचा घाट आला. गाडी चढावर कण्हत होती. खिडकीतून दिसणारं ऊन नेहमीसारखंच होतं. द्राक्षांच्या बागा होत्या, बांधावर बसून जेवणारी माणसं होती. मैनाला ते सगळं कुणीतरी काचेमागे ठेवल्यासारखं वाटत होतं. शेजारची बाई तिला विचारत होती, "माहेरी का?" मैना मान हलवत होती. दूर कुठेतरी टायर फुटला तेव्हा तिच्या मांडीवरचं गेज खाली पडता पडता राहिलं.

सायझिंगची चिमणी दुरून दिसली. धूर सरळ वर जात होता. ती रिक्षातून उतरून पळत गेली.

आत कांजीचा आंबूस वास आणि ओलसर उकाडा होता. पांढरं सूत सिलिंडरांवरून सरसरत होतं. मागच्या बाजूला बॉयलर होता, जुनाट, जाड, पोटाला एका जागी ठिगळ लावलेला. जीवन लाकूड सारत होता.

"ताई? तू इथं कशी? आबा बरे हायेत ना?"

"आग ओढ बाहेर."

"काय?"

"भट्टी ओढ, जीवन. काटा खोटा हाय."

जीवननं वर बघितलं. काटा तांबड्या रेघेला, बॉयलरला सोसेल त्या दाबाच्या हद्दीला, टेकत होता, पण रेघेच्या आतच होता. बाजूला पिवळा ठिपका चमकत होता.

"तुझाच काटा हाय हा."

"माझाच. म्हणूनच सांगते."

"ताई, बीम अर्धा झालाय. आत्ता वाफ गेली तर सूत कांजीत चिकटून बसंल, शेठ मला उभा जाळंल. आणि जास्त झाली तर झडप उडणार नाय का? झडप गप हाय."

"झडप कशावर लावलीस तू?"

जीवनच्या हातात लाकूड होतं. ते त्यानं हळूच खाली ठेवलं. तरी तो म्हणाला, "तुझ्या ठिपक्यावर मी लोकांशी पैजा लावल्यात इथं. असं कसं चुकंल?"

तोवर शकूर शेठ गलका ऐकून आले होते. पांढरी दाढी, हातात रुमाल. "क्या हुआ? ये कौन है?"

"बहन है मेरी. नासिक से आई है. बोलती है घडी झूठी है."

बॉयलरला सरकारी तपासनीस आला की त्याचं गेज लावायला एक वेगळी तोटी असते. मैनानं ती ओळखली. फडकं सोडून जुनं गेज काढलं आणि पान्ह्यानं तोटीवर चढवलं. शेजारचा पाइप धरताना तिचा तळहात क्षणभर त्यावर टेकला आणि भाजला. पण तेवढ्यात तिला ती धडपड जाणवली, सायखेड्याच्या पाइपातली, पण कितीतरी दाट. तिनं तोटी उघडली.

जुन्या गेजाचा काटा उठला. तांबडी रेघ ज्या आकड्यावर होती तिथपर्यंत आला, थांबला नाही. तो आकडा ओलांडून गेला आणि पुढे जाऊन थरथरत उभा राहिला. तिनं टिचकी मारली. तो तिथेच होता.

एकाच बॉयलरवर दोन काटे. एक रेघेच्या आत, एक बाहेर.

जीवननं शेठकडे बघितलं. शेठनी चालू बीमकडे बघितलं, मग मैनाच्या भाजलेल्या हाताकडे.

"बेटी इतनी दूर से अपनी ही गलती बताने आई है," ते म्हणाले. "आग निकालो. बीम जाने दो."

जीवननं लोखंडी आकड्यानं पेटती लाकडं बाहेर ओढली. बायका-माणसं अंगणात गेली. शेठनी मैनाला जायला सांगितलं, ती गेली नाही. बहीण-भाऊ बॉयलरसमोर उभे राहिले. आग गेली तरी वाफ तशीच कोंडलेली होती. पोटाला लावलेल्या ठिगळापाशी मधूनमधून टक् असा आवाज येत होता, कुणी आतून बोटानं टिचकी मारावी तसा. दर आवाजाला जीवन तिचा दंड घट्ट धरायचा. बाहेर सायकलींच्या घंट्या वाजत होत्या, कुणीतरी चहावाल्याला हाक मारत होतं. काटा फार सावकाश खाली आला.

दुसऱ्या दिवशी बॉयलर गार झाल्यावर तोंड उघडलं. ठिगळाशेजारी पत्रा आतून बाहेर फुगला होता, पुरीसारखा. जीवननं त्या खोलगटात हात ठेवला. त्याचा तळहात त्यात पुरता मावला.

मैनाला एसटीत बसवताना तो एवढंच म्हणाला, "पुढच्या भाऊबीजेला डबा आण, ताई. लाडू असलेला."

ती हसली नाही.

त्यानंतर साहेब आणि मैना त्या दसऱ्यापासून बाहेर गेलेल्या प्रत्येक गेजामागे फिरले. सातपूर, सिन्नर, ओझर, पिंपळगावचं शीतगृह, एक दूध डेअरी. लोक शिव्या घालत होते, साहेब हात जोडत होते आणि मैना पान्ह्यानं आपला ठिपका उतरवून घेत होती. सगळी परत आली. एक आलं नाही. दिवाळीच्या गर्दीत एक स्कूटरवाला ते रोखीनं घेऊन गेला होता. कशाला हवं म्हणून कलाबाईनं विचारलं, तर "घरच्याच कामाला" म्हणाला होता. डोक्याला मफलर होता. यापलीकडे कोणाला काही आठवत नव्हतं.

वर्षं गेली. मैनाच्या मुलीचं, सुवर्णाचं, लग्न झालं. साहेब थकले, वर्कशॉप त्यांच्या पुतण्याकडे आलं, मास्टर नवीन आलं. मैना अजून त्याच टेबलावर बसते, पण ठिपका देत नाही. पुतण्यानं छापील चिकट कागद आणले आहेत.

ती कुठेही गेली तरी आधी काटे बघते. पंक्चरवाल्याच्या टाकीवर, दवाखान्यात अवजारं उकळायच्या भांड्यावर, रसवंतीच्या मागे. लग्नात बायका नवरीकडे जातात आणि ही मांडवाच्या मागे कॉफीच्या मशिनकडे जाते. वाफेवर चालणारं, पितळी, वर छोटं गेज असलेलं ते मशिन असतं आणि त्याच्याभोवती हमखास पोरांचा घोळका असतो. दोन हजार चार साली सायखेड्याला भाचीच्या लग्नात तिला त्या गेजाच्या कडेला पिवळं काहीतरी दिसलं. मशिन फुसफुसत होतं, पोरं कप पुढे करत होती.

"बाजूला व्हा," ती अशा आवाजात म्हणाली की पोरं खरंच पांगली. कॉफीवाला बघत राहिला. तिनं नखानं ते पिवळं खरवडलं. ते सहज निघालं. हळद होती. सकाळी कुणीतरी मशिनची पूजा केली होती.

"काय झालं, मावशी?" कॉफीवाल्यानं विचारलं.

"काय नाय. शून्यावर असलं तरी एकदा तपासून घे," ती म्हणाली. त्याला काही कळलं नाही.

आता खंडेनवमीला नारळ बाहेरच्या दगडावर फुटतो, पाऊस असला तरी. मास्टर पेटीतच राहतं, पेटीवर हार घालतात. कलाबाई आता कामावर येत नाही, पण त्या दिवशी येते. पूजा झाली की मैना ताटातला एक झेंडू उचलते आणि लांब खिडकीत नेऊन ठेवते. पुतण्या दरवर्षी विचारतो, तिकडे कोणता देव आहे? कलाबाई त्याला गप करते.

ते परत न आलेलं गेज कुठेतरी कशावर तरी बसवलेलं आहे. काच पुसली जात असेल. कुणीतरी रोज त्याच्याकडे बघून आग वाढवत असेल आणि काटा रेघेच्या आत आहे म्हणून निश्चिंत होत असेल. रात्री आग विझल्यावर तो काटा निमूट शून्यावर येऊन टेकत असेल.